कानामागचा ठिपका

मी एकदा एका बैलाकडे बोट दाखवून त्याला अंगचोर ठरवलं. तो कोणता बैल होता, हे मला माहीत नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

एवढंच? असं कुणी विचारेल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच विचारत आलो. एवढंच तर आहे. पण ते जात नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो, तेही हंगामी. दर वर्षी जूनमध्ये नेमणुकीचा कागद नव्याने निघायचा आणि तो निघेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. मी तिथल्या वसाहतीत वाढलो. बैल पाहिलेले ते पोळ्याला रंगवून मिरवणारे, नाहीतर बसच्या खिडकीतून. जवळून नाही.

आमच्या मॅडम मूळच्या जनावरांच्या डॉक्टर. कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या आणि त्याच वेळी पीएचडी करत होत्या. त्यांचा विषय असा, की कामाला जुंपलेल्या बैलाच्या रक्तात श्रमाने काय काय बदलतं. कामाआधी रक्त घ्यायचं, काम थांबल्या थांबल्या पुन्हा घ्यायचं, आणि कॉर्टिसॉल मोजायचं. हे कॉर्टिसॉल म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. शरीरावर ताण आला की त्या हे रसायन रक्तात सोडतात. मग साठवलेली साखर मोकळी होते आणि थकलेले पाय चालत राहतात.

"म्हणजे जो जास्त राबतो त्याचं जास्त चढतं," मी म्हणालो.

"तसं असतं तर मी पीएचडी कशाला करत बसले असते?" मॅडम हसल्या. "कामाला सरावलेल्या बैलाचं कमी चढतं. नवख्याचं जास्त. घाबरलेल्याचं तर उभ्या उभ्या चढतं, सुई बघून. आजारी जनावराचं आधीपासूनच चढलेलं असतं. हा आकडा ताण सांगतो, स्वभाव नाही सांगत. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं होतं. शपथेवर सांगतो, पाठ होतं.

सिन्नरच्या पुढे, जीपने अर्ध्या तासावर, एका बाबांची जोडी मॅडमनी निवडली होती. मी त्यांना बाबा म्हणायचो, आजही म्हणतो. टोमॅटो, फ्लॉवर आणि कडेला शेवंती लावणारा, पन्नाशीचा, हाडापेराने मोठा माणूस. बोलणं सगळं तिरकं. त्यांची जोडी आजूबाजूच्या चार गावांत नावाजलेली. दोन्ही बैल पांढरे, शिंगं एका मापाची, उंची एक. नऊ वर्षं एका जुवाखाली. बाबा म्हणायचे, "आरशात बघून दुसरा घडवलाय." आणि स्वतः मात्र शेताच्या दुसऱ्या टोकावरून नुसती पाठ बघून हा कोणता ते सांगायचे.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आमच्या डब्यातल्या सुया आणि ट्यूबा बघितल्या.

"रगात काढता ते काढता, माघारी भरून देता का?"

"तेवढं दोन दिवसांत त्याचं त्यालाच भरून येतं, बाबा," मॅडम म्हणाल्या.

"मंग माझंबी काढा. दोन दिस घरात बसाया मिळंल."

त्यांच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं, "काढाच. बघू तरी रगात निघतं का चहा!"

सगळे हसले. मग बाबा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून जरा खालच्या आवाजात बोलले. "मॅडम, येक इचारतो. ह्या दोघांतला येक हल्ली मागं पडतोय. नांगराला जोर लावत नाय, मला अख्खा भार दुसऱ्यावर दिसतो. आता त्यो अंगचोर झालाय का आजारी हाय, ते तुमच्या यंत्राला कळंल का? आजारी आसंल तर बशीवतो त्याला. अंगचोर आसंल तर बाजार दाखवतो."

"कोणता मागे पडतो?"

"ते मी नाय सांगनार. सांगितलं तर तुमी तेच काढून दाखवताल."

मॅडम म्हणाल्या, आमचं काम वेगळं आहे, असलं काही त्यातून निघेल असं नाही. त्या बॅगेतून सुई काढायला वळल्या, तेव्हा मी बाबांना हळूच म्हणालो, "कळेल की. नक्की कळेल." का म्हणालो? माहीत नाही. मला कुणी साहेब म्हणत होतं, त्याची नवलाई असावी.

आता ठिपक्याचं.

बैल ओळखण्यासाठी मॅडमनी एक साधी पद्धत ठरवून दिली होती. जखमेला लावतात ते जांभळं औषध घ्यायचं आणि कानाच्या मागे, केस कमी असतात तिथे, ठिपका द्यायचा. पहिल्या बैलाला एक, दुसऱ्याला दोन. ट्यूबवर तोच नंबर. कानामागेच का, तर कामात घामाने पुसलं जात नाही आणि मालकालाही डाग दिसत नाही. ठिपके देणं माझं काम, रक्त काढणं मॅडमचं.

त्या दिवशी ती औषधाची बाटली मी घरी विसरलो होतो. सिन्नरच्या स्टँडवर उतरल्यावर पिशवीत हात घातला तेव्हाच कळलं. सांगितलं असतं तर मॅडम काही बोलल्या नसत्या. फार तर बाबांच्या घरून हळद मागितली असती. पण जून जवळ आला की मला प्रत्येक चूक कागदावर लिहिली जातेय असं वाटायचं, आणि तेव्हा तर दिवाळी नुकतीच झाली होती, जून लांब होता, तरी वाटलं. मी मनात ठरवलं, जुवाखाली डावीकडे उभा तो एक नंबर, उजवीकडचा दोन नंबर. ते काय पळून जाणार आहेत?

सकाळी जुंपण्याआधी रक्त घेतलं. जुंपलेल्या क्रमानेच उभे होते, डावा आणि उजवा. मी ट्यूबांवर एक आणि दोन लिहिलं. नंतर बाबांनी नांगर धरला. दुपारी भाकरीपुरतं औत सुटलं तेव्हा आम्ही ओसरीवर होतो. वीज गेलेली. रक्त गोठल्यावर त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करायला हाताने फिरवायचं एक यंत्र आम्ही नेलं होतं, ते मी गरगर फिरवत बसलो होतो. मॅडम घड्याळ बघत होत्या. शेताकडे आमची पाठ होती.

दुपारचं काम संपलं. बाबांनी हाळी दिली तसे आम्ही धावत गेलो, कारण थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत रक्त घ्यावं लागायचं. बैल जुवातच होते, तोंडाला फेस. मॅडमनी डाव्याचं घेतलं, उजव्याचं घेतलं. त्यांची नजर मानेच्या शिरेवर, माझी जुवावर. डावा एक. उजवा दोन. बाबांच्या बायकोने सुईच्या जागी दोघांनाही हळद लावली.

थर्मासमध्ये बर्फ घालून त्या ट्यूबा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. तीन आठवड्यांनी कागद आला.

मॅडम तो कागद बराच वेळ धरून बसल्या. दोन नंबरच्या बैलाचा आकडा दिवसभरात कितीतरी पटींनी वर गेला होता. ते एक वेळ समजण्यासारखं. पण एक नंबरचा आकडा दुपारी सकाळपेक्षा खाली आला होता. दिवसभर नांगर ओढून हा बैल सकाळपेक्षा निवांत झाला होता.

"असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "लेबलं तूच लावलीस ना?"

"हो."

"ठिपके बघून?"

"हो मॅडम."

खोटं बोललो, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पूर्ण खोटंही वाटलं नाही. ठिपका नसला म्हणून काय, डावा तो डावाच. मॅडमनी मला बाबांकडे पाठवलं. निरोप असा होता, की निकाल काही स्पष्ट नाही, महिनाभराने पुन्हा रक्त घ्यावं लागेल. एवढाच. दुसरं काही बोलायचं नव्हतं.

मी गेलो तेव्हा बाबांच्या अंगणात शेजारचे दोघे बसले होते. मी येणार हे कसं कळलं होतं देव जाणे, पण ते माझ्यासाठीच बसले होते. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की कॉलेजवाले रक्तावरून बैलाची नियत सांगणार आहेत.

"काय म्हनतं रगात?" त्यातला एक म्हणाला.

"अजून स्पष्ट नाही. पुन्हा घ्यावं लागेल."

"पुन्यांदा!" तो मांडीवर थाप मारून हसला. "आरं, ढेकूण परवडला. त्यो निदान रोज थोडं थोडं पितो."

दुसरा म्हणाला, "ह्यांना काय कळतंय? शहरातली पोरं. शेपूट कंच्या बाजूला आसती ते इचारा आधी."

निघण्याआधी मॅडमच्या कागदावरचे आकडे मी उतरवून घेतले होते, तो कागद मी खिशातून काढला. काढायचा नव्हता. "एक नंबरचा आकडा उतरलाय," मी म्हणालो. "दिवसभर काम करून त्याच्या अंगाला काही लागलंच नाही. म्हणजे तो ओढतच नव्हता."

बाबा उठून जवळ आले. कागद वाचता येत असल्यासारखा त्यांनी हातात धरला.

"येक नंबर म्हंजी कोन?"

"डावीकडचा."

"डावीकडचा कदी? सकाळचा का दुपारचा?"

मला कळेना. बाबा समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगावं तसं. "आमच्या घरात जू पालटायची रीत हाय. माझ्या बापापासून. नांगराच्या तासात, म्हंजी पाडलेल्या चरात, चालनाऱ्याला जास्ती जड जातं, म्हनून दुपारची भाकर झाली की डावा उजवीकडं आन् उजवा डावीकडं. दोगांच्या मानंला सारखाच घट्टा पडला पायजे. त्या दिशीबी पालटलं व्हतं. मंग तुमचा येक नंबर कंचा?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. सकाळचा एक नंबर आणि दुपारचा एक नंबर हे दोन वेगळे बैल होते. कागदावरचा तो निवांत झालेला बैल या जगात नव्हताच. सकाळचं रक्त एकाचं, दुपारचं दुसऱ्याचं, आणि त्यांची मी वजाबाकी करून आणली होती.

मी म्हणू शकलो असतो, बाबा, घोळ झालाय. एवढे दोन शब्द. किंवा विचारू शकलो असतो, त्या दिवशी सकाळी डावीकडे कोण होता? त्यांना आठवत असणारच. तिथल्या तिथे चारही आकडे आपापल्या बैलाला मिळाले असते. पण दोघं जण माझ्याकडे बघत होते, एकाच्या चेहऱ्यावर हसू पुन्हा येऊ लागलं होतं, आणि ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली तर ठिपक्याचं काय सांगायचं, हेही डोक्यात होतंच.

गव्हाणीपाशी दोघे बांधलेले होते. एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं. दुसरा खात होता. नुसता खात होता, आमच्याकडे लक्ष नाही.

मी खाणाऱ्याकडे बोट दाखवलं. "तो."

का तो? खातोय म्हणजे आळशी, एवढंच काहीतरी असावं. याहून बरं कारण मी पंचवीस वर्षं शोधतोय.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "हा? मला दुसरा वाटला व्हता."

आणि पुढे म्हणाले, "पर रगात थोडंच खोटं बोलंल."

परतीच्या एसटीत मी कागदाच्या मागे चार आकडे लिहिले आणि दुपारचे दोन आपसांत बदलून पाहिले. पहिल्यांदाच ते शहाण्यासारखे वागले. एका बैलाचा आकडा सकाळी खाली होता आणि दिवसभर नांगर ओढून बेताने चढला होता, सरावलेल्या, धडधाकट बैलाचं चढावं तसा. दुसऱ्याचं मात्र जुंपण्याआधीच चढलेलं होतं आणि काम थांबेपर्यंत पार टोकाला गेलं होतं. अंगचोर कुणीच नव्हता. एक जण आजारी होता. कोणता, ते माझ्याकडे नव्हतं. बाबांकडे होतं. मी उतरून उलट फिरलो नाही. मॅडमना सांगितलं, निरोप दिला.

महिन्याने आम्ही दोघं गेलो तर जुवाखाली एक ओळखीचा आणि एक तांबूस, बुटका, अनोळखी बैल. मॅडम वैतागल्या. "बाबा, जोडीच मोडलीत? अहो, मला तीच हवी होती!"

"इकला. सिन्नरच्या बाजारात. हरसूलकडचा मानूस घेऊन ग्येला. अंगचोर व्हता."

"कोण म्हणालं अंगचोर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, जरासंच. मग त्यांनी बैलाचा कासरा उगीच सारखा केला.

"कोन म्हननार? माझंच डोळं."

मी तिथे उभा होतो. त्यांनी मला का वाचवलं, हे मला आजही नीट कळत नाही. पोराची नोकरी जाईल असं वाटलं असेल. की आपण ऐकलं त्याचा दोष आपलाच, असं त्यांचं काही असेल. की त्यांना तेव्हाच संशय आला होता, आणि मी बोलतो का ते ते बघत होते? मी बोललो नाही.

मॅडमनी उरलेल्या बैलाच्या छातीला नळी लावली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तो नुसता उभा होता तरी त्याची कूस भात्यासारखी चालत होती. "हा बैल आजारी आहे, बाबा. याला कामाला लावू नका. हाच मागे पडायचा का?"

"हाच," बाबा म्हणाले.

तो पावसाळ्यापर्यंत राहिला नाही.

आता इथे माझा गोंधळ सुरू होतो आणि तो अजून संपलेला नाही. आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर तो आधीपासूनच आजारी होता आणि मी त्याचं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते दुसऱ्याचं, धडधाकट असलेल्याचं, ज्याला नऊ वर्षांनी उचलून हरसूलच्या डोंगरात पाठवलं. पण आकड्यांवर मी विश्वास कसा ठेवू? लेबलं माझीच आहेत. बाबांची बायको एकदा म्हणाली होती, "त्यो ग्येल्यापासून ह्यानं वैरनीला तोंडच लावलं नाय." मग छातीचं दुखणं नंतरचं असेल का? जोडीदार गेला की बैलाच्या त्या टोपीसारख्या ग्रंथी काय करतात? घाबरल्यावर चढतं, थकल्यावर चढतं, मग एकटं पडल्यावरही चढत असेल का? मॅडमना विचारता आलं असतं. पण ते विचारायचं तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं.

मॅडमनी प्रबंधातून ती जोडी काढून टाकली. "मला जे कळत नाही ते मी लिहीत नाही," असं म्हणाल्या. मी पुढे कायम झालो. त्या निवृत्त झाल्या तेव्हा, म्हणजे दोन हजारनंतरही बऱ्याच वर्षांनी, निरोपाच्या दिवशी कपाट आवरताना त्यांच्या हाती तो मुंबईचा कागद आला. "ही सिन्नरची जोडी मला कधी उलगडलीच नाही बघ," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला, टाकून देण्यासाठी. मी टाकला नाही. माझ्याकडे आहे.

मधे एकदा मी हरसूलच्या आठवडी बाजारात गेलो होतो. घरी वेगळंच काहीतरी सांगून गेलो. इतक्या वर्षांनी तो बैल तिथे असण्याचं कारण नव्हतं, असता तरी म्हातारा झाला असता. तरी प्रत्येक पांढऱ्या बैलापुढे थांबत गेलो. एक विकणारा म्हणाला, "भाऊ, तोंड काय बघता, सोयरीक करायचीये का? दात बघा!" मी कानामागे बघत होतो. ठिपका असण्याचं कारणच नव्हतं. मी दिलाच नव्हता. आणि तोच माझ्यासमोर उभा असता तरी मला ओळखू आला नसता, तेव्हाही येत नव्हता.

बाबा आता बैल ठेवत नाहीत. भाड्याचा ट्रॅक्टर येतो, आणि शेवंती-झेंडूच वाढवलाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या फुलबाजारात एकदा दिसले. पोत्यावर बसलेले, पाठ वाकलेली. त्यांनीच मला ओळखलं, गर्दीत, पाठीवरून.

"काय साहेब, आजून रगात काढता का?"

"नाही बाबा."

"बरं क्येलं." त्यांनी दोन मुठी झेंडू माझ्या पिशवीत टाकला. मी पैसे पुढे केले तर हात मागे सारला. "ऱ्हाऊ द्या. तुमी आमच्याकडचा चहा प्यालेली मानसं." मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी बरं म्हणालो आणि निघालो. तोंडापर्यंत आलेलं होतं, असं मी स्वतःला सांगतो. खरंच आलं होतं का, तेही नक्की नाही.

बाबा अजून आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या गावचा एक विद्यार्थी भेटला, त्याला विचारून खात्री केली. कान चांगले आहेत, म्हणाला, डोळ्यांनी कमी दिसतं.

त्यांच्या अंगणात जाऊन हे सांगणं मी त्यांचं देणं लागतो: बाबा, तुमचे डोळे बरोबर होते. एक बैल आजारी होता आणि दुसरा अंगचोर नव्हता. मला ठाऊक नसताना मी बोट दाखवलं, आणि ठाऊक झाल्यावरही गप्प बसलो. एवढं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.